चाकांवरची फिर्याद

घर हे स्थावर आणि वाहन हे जंगम, हा मालमत्तेतील सनातन भेद मनुष्याने ज्या दिवशी मोडला, त्या दिवशी त्याने दोन्ही प्रकारच्या मालमत्तेचे ताप एकाच खरेदीखताने स्वतःच्या शिरावर ओढवून घेतले, असे माझे महसूल खात्यातील प्रदीर्घ चाकरीवर आधारलेले मत आहे. घराचे छप्पर गळते, नळ ठिबकतो, फडताळाची कडी बसत नाही, हे दुःख पुरातन असून त्यावर आपल्या पूर्वजांनी बादली, चिंधी आणि सहनशीलता हे उपाय फार पूर्वीच शोधून ठेवले आहेत. चाकांतील हवा, इंजिनातील तेल आणि ऐन घाटात उमटणारा अनोळखी आवाज या वाहनांच्या पीडाही सर्वश्रुत आहेत. परंतु गळते छप्पर ताशी साठ मैलांच्या वेगाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात निघाले आहे, आणि ठिबकणाऱ्या नळाखालची बादली वळणावर कलंडून, अनोळखी आवाजाचा कानोसा घेण्यास उठलेल्या गृहिणीच्या पायांवर रिकामी झाली आहे, हा दुर्मीळ योग केवळ अमेरिकेत ‘मोटरहोम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूच्या मालकालाच लाभतो. सदाशिव पेठेतील एखादा वाडा त्याच्या न्हाणीघरासह, माजघरासह आणि भिंतीतल्या कोनाड्यांसह उचलून नगर रस्त्यावरून दिवसभर पळवला, तर संध्याकाळी त्याच्या किती कड्या-कोयंडे जागेवर आढळतील याचा अदमास ज्याला करता येईल, त्याला या वस्तूविषयी अधिक काही सांगण्याची गरज नाही.

आमच्या सौभाग्यवतीचे वडील बंधू, ज्यांना घरच्या रिवाजाप्रमाणे मीही दादाच म्हणतो, यांनी शिकागोच्या एका उपनगरात आयुष्यभर इंजिनिअरी केली आणि निवृत्त होताच पुंजीचा मोठा हिस्सा अशा एका चाळीस फुटी वाहनात गुंतवला. १९८१ साली शिकागोतच स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन दर दोन वर्षांनी ज्या शहरी भरेल, तेथे हॉटेलात न उतरता स्वतःच्या पलंगावर निजावे, वहिनींच्या हातचे पोहे खावेत, आणि सभामंडपातील नाट्यप्रयोग लांबलाच तर पटांगणातील आपल्या घरी येऊन पडावे, हा त्यामागील उदात्त हेतू होता. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे ते अभिमानाने म्हणत. मात्र आपल्या बिऱ्हाडाची हमी कोणत्या तारखेस संपते याची चिंता विंचवाला वाहावी लागत नाही, ही बाब त्यांच्या ध्यानी पहिल्या जोरदार पावसात, पलंगाच्या उशाकडील बाजूस, मध्यरात्री आली.

हे वाहन एका कारखान्याच्या नावाने विकले जात असले, तरी त्याची वंशावळ एखाद्या जुन्या इनामाच्या तंट्याइतकी गुंतागुंतीची असते. खालचा सांगाडा एकाचा, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, जनरेटर तिसऱ्याचा, फ्रिज चौथ्याचा, आणि या सर्वांवर भिंती, छप्पर, पलंग व पडदे चढवून आपल्या नावाची पाटी लावणारा कारखानदार पाचवा. त्यामुळे अंधारात काही तडकले, तर ते कोणाच्या हद्दीत तडकले याचा निवाडा होईपर्यंत मालकाने काय करावे, याविषयी सर्व पुस्तिका सारख्याच मौन आहेत. दादांच्या वाहनाचे इंजिन कमिन्स कंपनीचे. त्या कंपनीचे मूळ ठाणे इंडियाना राज्यातील कोलंबस गावी असून १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत तिने पुण्यास कोथरूडात आपली शाखा रोवली, हे दादांनी मला इतक्या वेळा आणि इतक्या आपुलकीने ऐकवले की ते इंजिन सोयरिकीतलेच आहे असे मला वाटू लागले. त्या इंजिनाने कोथरूडची लाज अखेरपर्यंत राखली, हे येथे नमूद केले पाहिजे. फिर्यादी साऱ्या वरच्या अंगाच्या होत्या. छप्पर गळत होते. बटण दाबताच बाजूची भिंत बाहेर सरकून दिवाणखाना ऐसपैस व्हावा अशी जी योजना या वाहनांत १९९० च्या सुमारास रूढ झाली, ती दादांच्या घरी निम्म्या वाटेवर येऊन कण्हत थांबे, आणि मग आम्ही चौघे मागे जावे की पुढे जावे हे न कळणाऱ्या त्या खोलीसमोर प्रार्थनेच्या मुद्रेने उभे राहत असू. वहिनींच्या डाळ-तांदळाचे कपाट फक्त डावीकडे वळताना उघडे.

ज्या विक्रेत्याकडून हे घर घेतले, त्याने विक्रीच्या दिवशी दादांच्या खांद्यावर हात ठेवला होता. दुरुस्तीसाठी फोन केल्यावर मात्र पुढील हंगामातील तारीख दिली. तेव्हा अनुभवी मंडळींनी सल्ला दिला की खालच्या कोर्टात वेळ न दवडता थेट कारखान्याकडे जावे. कारखान्यानेही तारीखच दिली, परंतु ती हमीची मुदत संपण्याच्या आतली होती. आणि तारखेचे महत्त्व जाणणारा अनुभवी मनुष्य म्हणून सुट्टीवर तिकडे गेलेल्या मला दादांनी सोबत घेतले. “जावईबुवा, तुम्ही कचेरीत हयात काढली आहे. तुम्ही नुसते शेजारी बसा,” ते म्हणाले. मी ज्या बाजूला बसून हयात काढली, ती टेबलाची दुसरी बाजू होती, हे मी त्यांना त्या वेळी सांगितले नाही.

कारखाना इंडियानाच्या उत्तर टोकाला, एल्खार्ट जिल्ह्यात. अमेरिकेतील फिरत्या घरांपैकी बहुतेक याच मुलखाच्या आसपास जन्मास येतात. एल्खार्ट गावाची ख्याती पूर्वी पितळी वाद्यांसाठी होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून देशभरातील बँडपथके येथली कर्णे फुंकीत आली. पुढे १९३१ साली याच गावच्या माइल्स कंपनीने पाण्यात फसफसणारी, डोके व पित्त एकदम शमवणारी अल्का-सेल्ट्झर नावाची गोळी बाजारात आणली, आणि त्याच दशकात तेथे ओढून न्यायच्या ट्रेलर-घरांच्या उद्योगाने मूळ धरले. औषध आधी आणि व्याधी मागाहून, असा क्रम राखण्याची दूरदृष्टी दाखवणारे दुसरे गाव माझ्या पाहण्यात नाही. २००८ च्या मंदीत फिरत्या घरांची खरेदी एकाएकी आटली, जिल्ह्यातील बेकारी शेकडा १५ च्या वर गेली, आणि अध्यक्षपदाचा महिनाही पुरा झाला नसताना, फेब्रुवारी २००९ मध्ये, ओबामांनी तेथे येऊन सभा घेतली. थोरामोठ्यांचे दौरे आटोपल्यावर गावाच्या वाट्याला सामान्यतः कमानींचे बांबू उरतात, हे मी पाहिलेले आहे. एल्खार्टचा उद्योग मात्र पुढे खरोखरच सावरला, आणि त्याचा पुरावा म्हणून दादांची खोली निम्म्या वाटेवर थांबत होती.

शिकागोहून तेथवर अंतर शंभरेक मैलांचे असले, तरी मध्ये घड्याळाची हद्द लागते आणि एक तास प्रवाशाच्या खिशातून निघून जातो. हे आगाऊ लक्षात घ्यावे लागते, कारण फिरत्या घरांच्या या मुलखात दिवस सूर्यापूर्वीच सुरू होतो आणि दुपारी दोन-अडीचच्या सुमारास कारखाने ओस पडतात. सकाळी अकराला कचेरीत येऊन चहाच्या आधी कोणाशीही न बोलणाऱ्या पिढीत मी वाढलो. पहाटे सहाच्या आत अर्जदाराच्या दारावर स्वतः येऊन टकटक करणारा कारखाना पाहून मला आदरापेक्षा भीतीच अधिक वाटली.

आदल्या संध्याकाळी आवारात शिरलो तेव्हा तेथे एक वसाहतच नांदत होती. विजेच्या खांबांना जाडजूड नाळा जोडून निरनिराळ्या राज्यांच्या पाट्यांची घरे ओळीने उभी होती आणि त्यांच्या सावलीत घडीच्या खुर्च्या मांडून फिर्यादी मंडळी बसली होती. या मंडळींत काही जण असे होते, की ज्यांनी विटामातीची घरे विकून वर्षाचे बारा महिने चाकांवरच संसार थाटला आहे. अशा लोकांनाही कायद्याने पत्ता हा लागतोच. म्हणून त्यांपैकी पुष्कळ जण जेथे प्राप्तिकर नाही अशा साउथ डकोटासारख्या राज्यात एक रात्र काढून, त्या रात्रीची पावती दाखवून, एका टपालपेटीत कायमचे वास्तव्य करतात. उताऱ्यावर नाव नाही, घरपट्टी नाही, तलाठ्याचे तोंड पाहायचे नाही! मी भारावून ऐकत होतो; परंतु इतके सारे पाश तोडून निघालेली ती माणसे दर वर्षी न चुकता एल्खार्टच्या या आवारात हजर होतात, आणि शेजाऱ्याला कोणत्या खांबाचा दाब कमी आहे, कोणता कारागीर देवमाणूस आहे व कोणत्या कारकुनाकडे शुक्रवारी जाऊ नये हे वहिवाटदाराच्या अधिकाराने सांगतात, हे कळल्यावर माझ्या मनाला बराच धीर आला.

पहाटेचा विधी मात्र कठोर होता. घर दुरुस्तीस जायचे म्हणजे घरातील माणसांनी घराबाहेर पडायचे. अंथरुणे गुंडाळून, गॅस बंद करून, बाहेर सरकवलेल्या भिंती आत ओढून (त्या दिवशी ती खोली एका दमात आत आली, हे दुश्चिन्ह मी तेव्हाच ओळखले), आम्ही अंधारात हातात डबे घेऊन उभे राहिलो. आजूबाजूच्या घरांतूनही सपाता घातलेले सद्गृहस्थ बगलेत कुत्री मारून बाहेर येत होते. आमच्याकडे कुत्रे नव्हते. आमच्याकडे देव होते. चालकाच्या डोक्यावरील एका कपाटात वहिनींनी देवघर केले असून त्यात पंचायतन, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि खंडोबाचा टाक अशी पिढीजात मंडळी असतात. परक्या पुरुषांनी हातोड्या घेऊन वावरायच्या जागी त्यांना ठेवणे वहिनींना मान्य नव्हते. म्हणून रोज पहाटे एकेका देवाला कापसात गुंडाळून पितळी डब्यात बसवण्यात येई आणि तो डबा प्रतीक्षागृहातील एका खुर्चीवर स्थानापन्न होई. शेजारच्या खुर्चीवरील लॅब्रेडोर कुत्रा आणि आमचे खंडोबा यांचे फार चांगले जमले, आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काहीच नाही, असे वहिनींनी आम्हांस सुनावले.

कारागिरांत अमिश पंथाची पुष्कळ माणसे होती. मिशी काढलेली दाढी, डोक्यावर टोपी, आपसांत जर्मनच्या वळणाची बोली. ही मंडळी स्वतःची मोटार बाळगत नाहीत, तारांवरून येणारी वीज घरात घेत नाहीत, आणि रस्त्यावरून घोडागाडीने किंवा सायकलीने जातात. ज्यांनी मोटार आणि वीज या दोन्ही गोष्टी विचारपूर्वक नाकारल्या, त्यांच्याच हातून मोटारीत वीज, नळ, दूरदर्शन आणि दोन शौचकूप बसवले जावेत, आणि ती सर्व वापरणाऱ्या आम्ही पहाटे अंधारात डबे घेऊन उभे राहावे, या व्यवस्थेत कोण अधिक सुखी आहे याचा मी तेथे बसून पुष्कळ विचार केला. आमच्या वाट्याला आलेला सुतार याच पंथाचा. त्याला वाहन चालवणे वर्ज्य असल्यामुळे आमचे घर शेडमध्ये नेण्यास दुसरा मनुष्य येई, हा खाली उतरला की सुतार वर चढे, आणि दिवसाचे काम संपताच ज्या घराच्या साऱ्या कड्या त्याने बसवल्या ते घर मागे ठेवून तो सायकलीवरून निघून जाई.

आता टेबलाविषयी. प्रतीक्षागृहाच्या टोकाला फिर्यादी नोंदवणाऱ्या एक वयस्क बाई बसत, आणि त्यांची कारकुनी पाहून माझे हात आपोआप जोडले गेले. दादांनी आपल्या तक्रारींची टंकलिखित यादी, छायाचित्रांच्या पुरवणीसह, त्यांच्यापुढे ठेवली. दुपारी ती परत आली तेव्हा सरकत्या खोलीपुढे शेरा होता: तक्रार आढळून आली नाही. कण्हण्याच्या आवाजापुढे: या प्रकारच्या वाहनांत असे असते. नळापुढे: भाग मागवला आहे. आणि कपाटापुढे: डाळ-तांदळाचे वजन मर्यादेपेक्षा अधिक. दादा संतापले. मला मात्र उचंबळून आले. ‘सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे’, ‘प्रचलित पद्धतीनुसार’ आणि ‘वरिष्ठांकडे मार्गदर्शनार्थ’ या सूत्रांवर मी आयुष्य काढले. तीच विद्या सात समुद्रांपलीकडे, गुलाबी चष्म्याआडून, हसऱ्या मुखाने आणि फुकट कॉफीसह आचरली जात होती. यात कपाटाचा शेरा तर अव्वल दर्जाचा. वाहनात किती वजन भरता येईल याची चिठ्ठी कारखाना आत चिकटवतो हे खरे. परंतु फिर्यादीची चौकशी करता करता फिर्यादीलाच आरोपी करणे, तेही त्याला दुसरा पेला कॉफी देत देत, ही सिद्धी आमच्या खात्यात फार थोड्यांना लाभली.

“तुम्ही काही बोलत का नाही?” दादा मराठीत कुजबुजले. मी म्हणालो, “बाईंचे बरोबर आहे.” त्यानंतर दोन जेवणे दादा माझ्याशी बोलले नाहीत.

घर शेडमध्ये असताना दिवस कंठावा कसा, हा प्रश्न तेथे प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवलेला असतो. कोणी हजार तुकड्यांचे चित्र जुळवतात, आणि त्यांची बोलावणी आली की अर्धे आभाळ पुढच्या तुकडीच्या हवाली करून जातात. कोणी कारखाना पाहून येतात. आम्हीही पाहिला, आणि उघड्या सांगाड्यावर न्हाणीघर, शेगडी व पलंग आधी उभे राहतात आणि भिंती त्यांच्याभोवती मागाहून येतात हे पाहून दादांना, आपल्या पलंगामागील हरवलेला स्क्रू कोणत्या टप्प्यावर हरवला असावा, याचा ठाव लागला. गावात या वाहनांचे एक संग्रहालय आहे. तेथे १९१३ सालचा ट्रेलर आहे, आणि मे वेस्ट या नटीला चित्रपटसृष्टीत आणण्यासाठी पॅरामाउंट कंपनीने १९३१ साली बांधवलेली घरमोटारही आहे, जिच्या मागे बसण्यापुरता ओटा काढलेला आहे. १९१३ च्या त्या ट्रेलरपुढे दादा हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. “यात नळच नाही,” ते अखेरीस म्हणाले, आणि त्या स्वरात असूया होती.

निकाल लागला तो छपराच्या बाबीत, आणि तो आवारातील वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यामुळे. त्यांनी सांगितले की पाण्याच्या नळीने गळती दाखवू नका. हवेची परीक्षा मागा. या परीक्षेत घराची सर्व दारे-खिडक्या बंद करून छपरावरील झरोक्यातून पंख्याने आत हवा कोंडतात आणि बाहेरच्या सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडतात. जेथे फट असेल तेथून हवा बाहेर पडून फुगे उमटतात. पाणी आत कोठे टपकते यावरून ते कोठून शिरले हे कळत नाही, कारण ते भिंतीच्या पोटातून वाटेल तसा प्रवास करते. फुगा मात्र खोटी साक्ष देत नाही. शेडच्या दारातील पिवळ्या रेषेपलीकडे जाण्यास मनाई असल्यामुळे आम्ही त्या रेषेवर पाय टेकून पाहत होतो. बराच वेळ काहीच घडले नाही. सुताराचा सोबती शिडीवरून उतरण्याच्या बेतात होता, आणि ‘तक्रार आढळून आली नाही’ हे शब्द मला हवेत तरंगताना दिसू लागले होते, तोच छपराच्या मागील कोपऱ्यात, दिव्याच्या बुडाशी, लिंबाएवढा एक फुगा हळूहळू वर आला, थरथरला आणि तेथेच ठाम राहिला. त्याच्यामागून दुसरा. मग एकदम झुंबड. “जावईबुवा, फुगा!” दादा ओरडले, आणि रुसवा विसरून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. स्वतःच्या घराला भोक आहे हे सिद्ध झाल्याने एवढा हर्ष झालेला गृहस्थ मी अन्यत्र पाहिलेला नाही. रेषेवर जमलेल्या इतर फिर्यादींनी टाळ्या वाजवल्या. साउथ डकोटाच्या टपालपेटीत राहणाऱ्या एका आजोबांनी दादांचे अभिनंदन केले. त्या संध्याकाळी आमच्या दारापुढे वहिनींनी सर्वांना शिरा वाटला.

कपाटांच्या बाबतीत असा गाजावाजा झाला नाही. वजनाच्या शेऱ्यावर कारखाना अढळ राहिला, आणि डाळ-तांदळाचे दार डावीकडे वळताना आजही उघडते. परंतु वहिनी रोज पहाटे देवांना कापसात गुंडाळून नेतात आणि तिसऱ्या प्रहरी परत मांडतात हे त्या अमिश सुताराने पाहिले असावे. कारण शेवटच्या दिवशी आम्ही घरात शिरलो, तेव्हा देवघराच्या फळीला पुढून एक बोटभर उंचीचा, गुळगुळीत घासलेला लाकडी कठडा लागला होता, आणि वहिनींनी बाळकृष्णाला धक्का देऊन पाहिले तरी तो पडत नव्हता. सुतार तोवर सायकलीवरून घरी गेला होता. यादीत हे काम नव्हते, कोणी ते मागितले नव्हते, आणि त्याची मजुरीही लागलेली नव्हती.

बाईंच्या तीक्ष्ण नजरेतून मात्र ते सुटले नाही. ताबा देण्यापूर्वीच्या तपासणीत त्यांनी कठड्यावरून बोट फिरवले, चष्मा वर सरकवला आणि सांगितले की नोंद नसलेला फेरफार हमीत बसत नाही; त्यासाठी वेगळा कागद भरावा लागेल. तो कागदही त्यांनी लगोलग काढला. त्यात कपाटाचा उपयोग काय, असा एक रकाना होता. दादांनी देव असे लिहिले, आणि बाईंनी भुवईसुद्धा न हलवता पुढच्या रकान्यावर बोट ठेवले. तो वजनाचा होता. दादांनी इंजिनिअराच्या सवयीने डोळे मिटून पितळेचा हिशेब सुरू केला: पंचायतन इतके, अन्नपूर्णा इतकी, टाक हलका, घंटा मात्र जड.

“देवांचे वजन करीत नसतात,” वहिनी मागून म्हणाल्या. “सत्यभामेने केले होते. तेव्हा काय झाले, ते यांना समजावून सांगा.”

दादांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी टेबलाच्या दोन्ही बाजू जाणणारा मनुष्य. मी हळूच मान हलवली. दादांनी पाच पौंड असे लिहिले, आणि बाईंनी तुळशीचे पान न मागता त्यावर शिक्का मारला.